लेकरं जमवायची दवंडी

ढब्ब… ढब्ब… ढब्ब-ढब्ब-ढब्ब!

लहानपणी हा आवाज गावाच्या वेशीकडून आला, की आम्ही पोरं हातातलं काम टाकून पळायचो. गावचा कोतवाल गळ्यात डफ अडकवून चौकात उभा राहायचा आणि दवंडी द्यायचा. काय सांगायचा ते आम्हाला कळत नसे. शेतसाऱ्याचं असेल, देवीच्या लसीचं असेल, कुणाच्या हरवलेल्या बैलाचं असेल. आम्हाला त्याच्याशी काय! डफ वाजला की जमायचं, एवढंच माहीत. मोठी माणसं ऐकून घरी जायची आणि आम्ही तिथंच आट्यापाट्या मांडायचो.

तो आवाज इतकी वर्षं माझ्या कानात गुपचूप बसून होता. बसून होता तोच बरा होता हो! म्हातारपणी मला तो बाहेर काढायची बुद्धी झाली, आणि अख्खी वसाहत काठ्या घेऊन माझ्या दारात उभी राहिली. आत्ताच हसू नका. आधी चहा घ्या. मी सावकाश बोलणारा माणूस आहे. घाई केली की माझी गोष्ट सांडते.

तर माझं गाव चामोर्शीकडे. धानाची शेती. शिक्षण म्हणाल तर चौथीपर्यंत, आणि चौथीतही मास्तरांनी ढकललं म्हणून पोहोचलो. म्हातारी गेल्यावर मुलगा प्रकाश मला ऊर्जानगरच्या वसाहतीत घेऊन आला. तो तिथं वीज केंद्रात पाळीची ड्युटी करतो. सून सुषमा चंद्रपुरात एका दवाखान्यात नर्स आहे. आणि नात जुई, चौथीत. म्हणजे शिक्षणात आम्ही दोघं बरोबरीचे.

प्रकाशची बदली होऊन फार दिवस झाले नव्हते. जुईच्या सगळ्या मैत्रिणी जुन्या गावी राहिल्या. इथं शाळेतून आली की ती दप्तर ठेवायची, दूध प्यायची आणि खिडकीत जाऊन बसायची. पोरगी मुळात कमी बोलते. माझ्यावर गेली आहे. आम्ही दोघंच घरात असलो, की भिंतीवरच्या घड्याळाला वाटत असेल, या घरात सगळ्यांत बडबडे आपणच.

एका दुपारी पाहतो तर ती सापशिडी खेळत होती. एकटीच. पटावर चार सोंगट्या. लाल सोंगटीचं दान टाकलं, सरकवली. हिरवीचं टाकलं, सरकवली.

"हे कोन कोन खेळून राह्यले?" मी विचारलं.

"ही श्रेया, ही तनू, ही परी. पिवळी मी."

जुन्या गावच्या मैत्रिणी त्या.

"मंग जिंकलं कोन?"

"श्रेया."

"आन तू?"

"मी शेवटची."

आता सांगा! चौघींची दानं स्वतःच टाकते आणि तरी शेवटची येते! एवढं प्रामाणिक माणूस या जगात एकटं पडणारच की!

त्याच आठवड्यात प्रकाश जेवता जेवता म्हणाला, "बाबा, दिवाळीपावेतो पाह्यतो. नाई रमली इथी, तर नागपूरले हॉस्टेलमधी टाकतो. तिथी चार पोरी तरी भेटतीन तिले."

सुषमा वरण वाढत होती. ते माझ्या ताटाबाहेर पडलं.   चौथीतलं लेकरू हॉस्टेलला? ज्या पोरीला अजून वेणी घालून द्यावी लागते ती?

"थांब," मी म्हणालो. "मी पाह्यतो."

बस, एवढंच बोललो. पण माझ्यासारखी माणसं कमी बोलतात ना, ती बोलली की फसतात.

दुसऱ्या दिवसापासून मी जुईचं बोट धरून वसाहत पालथी घातली. सगळ्यांत आधी कराटे. तिथले सर मोठ्याने ओरडायचे, पोरं त्याहून मोठ्याने ओरडायची. आमची जुई लाथ मारायच्या आधी समोरच्या मुलीला "सॉरी" म्हणायची. मारून झाल्यावर "लागलं का?" म्हणून विचारायची. चार दिवसांनी सरांनी मला बाजूला घेतलं.

"आजोबा, पोरगी लय गुणाची हाय. पन हिच्यानं कराटे होत नाई. हिच्या पायी बाकीच्यायचाबी राग चालला जाते."

मग चित्रकला. खोली भरून पोरं, पण प्रत्येकाची मान आपापल्या कागदात. कोणी कोणाशी बोलेल तर शपथ! अहो, रेशनच्या रांगेत यापेक्षा जास्त ओळखी होतात! जुईने एक झाड काढलं, झाडाखाली बाक, आणि बाकावर मी. मॅडम म्हणाल्या, "छान आहे. पण बाकावर एखादी मैत्रीण काढ ना!" जुईने रबर घेतलं आणि मला खोडलं. सावकाश, आधी टोपी, मग मिशी. पण मैत्रीण काही काढली नाही. बाक तसाच रिकामा राहिला.

त्या दिवशी घरी येताना मी मैदानाकडे नीट पाहिलं. केवढं मोठं मैदान! घसरगुंडी, झोपाळे, सगळं आहे. आणि पोरं? एक नाही. मी येण्याआधी, उन्हाळ्यात, मागच्या भिंतीजवळ बिबट दिसला होता म्हणे. तेव्हापासून आयांनी लेकरं घरात घेतली, ती घेतलीच. क्लासला गाडीवर न्यायचं, गाडीवर आणायचं. पोरं होती, पण प्रत्येक जण आपापल्या खिडकीत. आमच्यासारखीच!

म्हटलं, अरे, म्हणजे औषध सोपं आहे. क्लासबिसची गरज काय? एकदा सगळी एका वेळी बाहेर निघाली, की झालं. आणि पोरं एका वेळी बाहेर कशी काढायची, हे आमच्या कोतवालाने मला लहानपणीच शिकवलं होतं.

आता एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुम्ही माझ्याहून शहाणे राहाल. बिबट दिसला तेव्हा वसाहतीत सभा झाली होती. ठरलं असं, की ज्याला जनावर दिसेल त्याने डबा नाही तर ताट वाजवायचं. ज्याला ऐकू येईल त्याने लेकरं आत घ्यायची, दारं लावायची आणि आपणही वाजवायचं, म्हणजे आवाज फाटकावरच्या पहारेकऱ्यांपर्यंत पोहोचतो. प्रकाश म्हणतो, हे त्याने मला आल्या दिवशीच सांगितलं होतं. सांगितलं असेल. मी तेव्हा एवढा जोरात फिरणारा पंखा खाली कसा पडत नाही, ते पाहत असेन.

आणि तुम्ही म्हणाल, म्हातारा जंगलाकडचाच, त्याला एवढं कळू नये? अहो, आमच्याकडे वाघ-बिबट दिसला की माणसं हाळी द्यायची. डबा वाजायचा तो धानात शिरलेल्या डुकरांसाठी. आणि वसाहतीत धान कुठं होतं?

वसाहतीच्या फाटकाबाहेर हमीदभाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्याच वयाचे. मी रोज त्यांच्या बाकड्यावर बसतो. ते बोलतात, मी मान हलवतो, अशी आमची दोस्ती. त्यांना म्हटलं, "भाऊ, एखांदा रिकामा डबा भेटन का? मोठा."

"काऊन जी? तुळस लावता का?"

मी मान हलवली. खरं तर 'नाही' म्हणून हलवली होती. पण माझी मान इतकी सावकाश हलते, की हो आणि नाही सारखंच दिसतं.

"ले जाओ. ऑइलचा हाय, एक नंबर पत्रा. खालून भोक पाडून देऊ?"

"भोक नोको. आवाज कमी होईन."

हमीदभाईंच्या हातातला पाना थांबला. "आवाज? तुळशीचा?"

तेवढ्यात पंक्चरवाला एक जण आला, आणि आमचं बोलणं तिथंच राहिलं. मी एक वाक्य जास्त बोललो असतो ना, तर पुढचं सगळं टळलं असतं!

रविवार आला. प्रकाश ड्युटीवर, सुषमा दवाखान्यात. चार वाजले होते. मी मुरमुरे आणि फुटाणे आणून दारामागे पिशवीत ठेवले होते. धुतलेला सदरा घातला, टोपी घातली. जुई पट मांडून बसली होती.

"आबाजी, खेळता?"

"तू मांडून ठेव, मी आलोच. आज तुह्यासाठी गंमत हाय."

दार ओढून घेतलं आणि डबा गळ्यात अडकवून खाली उतरलो.

ढब्ब… ढब्ब… ढब्ब-ढब्ब-ढब्ब!

काय सांगू, पहिल्याच थापेला अंगावर काटा आला! मी ओरडलो, "ऐका होऽ! पोट्टेहो, पोट्ट्याहो, मैदानात या होऽ! खेळाले या! मुरमुरे हायत होऽ!"

पण माझा आवाज म्हणजे असा, की मिशी ओलांडून पुढे जात नाही. डबा मात्र हमीदभाईंचा! एक नंबर पत्रा! तेवढाच काय तो सगळ्यांना ऐकू गेला.

समोरच्या इमारतीत एक खिडकी धाडकन बंद झाली. मग दुसरी. म्हटलं, झोपेतून उठवलं वाटतं. तेवढ्यात आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर नंदाताई दिसल्या. या आमच्याच जिन्यातल्या. दोरीवरचे कपडे काढत होत्या, ते तसेच टाकून आत पळाल्या आणि ताट-पळी घेऊन बाहेर आल्या. ठण ठण ठण ठण!

मला तर भरूनच आलं! एवढे दिवस ही बाई जिन्यात भेटली तर नुसती मान हलवून जायची, आणि आज माझ्या दवंडीला साथ देते!

मग कोणी कढईवर झारा आपटायला लागलं, कोणी परातीवर लाटणं. या इमारतीतून त्या इमारतीत, त्या इमारतीतून पलीकडच्या. अख्खी वसाहत वाजायला लागली! मी म्हटलं, काय लोक आहेत! उगीच आपण म्हणतो, शहरात माणुसकी राहिली नाही!

तिसऱ्या मजल्यावरचा एक जण दोन्ही हात हलवून मला आत यायच्या खुणा करत होता. चहाला बोलावत असावा. मी हात जोडले आणि खुणेनेच सांगितलं, नंतर येतो. त्याने कपाळावर हात मारला. मला वाटलं, फारच आग्रही माणूस आहे.

आणि मग कुणीतरी सुतळी बॉम्ब फोडला. ढाम! जनावर पळावं म्हणून घरोघरी ठेवले होते ते. पण मला काय माहीत? अहो, माझ्या लग्नात कोणी टिकली फोडली नव्हती, आणि इथं माझ्या एका डब्याला बॉम्ब! मी आणखी जोरात वाजवायला लागलो.

एकच गोष्ट कळेना. एवढा उत्साह आहे, तर पोरं का येत नाहीत? म्हटलं, बूट घालत असतील. शहरातली पोरं.

शेवटच्या इमारतीपर्यंत आवाज जावा म्हणून मी मागच्या भिंतीकडे निघालो. तिकडे बाभळींची झुडपं. तशी मागून किंकाळ्याच सुरू झाल्या! बायका, पुरुष, सगळे बाल्कनीतून वाकून ओरडत होते. त्या गदारोळात एक शब्द समजत नव्हता. मी वळून सगळ्यांना हात हलवला.

तेवढ्यात सुरक्षा विभागाची जीप धूळ उडवत आली आणि माझ्यापाशी करकचून थांबली. त्यांचे प्रमुख गेडामभाऊ, तोंडात शिटी, हातात काठी. त्यांनी मला खांद्याला धरून जीपमध्ये ओढलंच.

"बसा आबाजी, पह्यले बसा! कुठी हाय?"

मी दम घेतला. "घरी हाय."

"घरी? कोनाच्या घरी?"

"आमच्या. दुसऱ्या मजल्यावर."

गेडामभाऊंच्या हातातली शिटी खाली पडली.

"केवढं हाय?"

"एवढं." मी कमरेला हात लावून दाखवला.

"एकटंच हाय?"

"एकटंच ना, भाऊ. तेच तर दुःख हाय. दिवसभर खिडकीत बसून राह्यते."

"खिडकीत!" ड्रायव्हर किंचाळला.

"तुम्ही मंग निंगाले कसे बाहेर?"

"दार वढून घेतलं आन आलो."

"शाबास आबाजी! डोस्कं चालवलं तुम्ही!"

माझं डोकं चालल्याचं मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी सांगत होतं. मी टोपी सारखी केली. तुम्ही विचाराल, शंका आली नाही का? आली ना! शंका आली, पण वेगळीच. मला वाटलं, लेकरांच्या एकटेपणाची या लोकांना केवढी काळजी! नुसतं कळलं तर जीप पाठवतात!

जीप आमच्या इमारतीपाशी आली. गेडामभाऊ वर पाहून ओरडले, "दुसऱ्या मजल्यावर हाय! दार लागलेलं हाय! कोनी जिन्यात येऊ नका!"

नंदाताई बाल्कनीतून ओरडल्या, "आन जुई? आबाजी, जुई कुठी हाय?"

"जुई घरातच हाय ना," मी म्हणालो.

आता नेमका त्या क्षणाला सगळा ठणठणाट थांबलेला होता. माझा आवाज जन्मात पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू गेला.

"आई वं!" नंदाताईंनी ताट टाकलं, कढई उचलली आणि जिन्यात धावल्या. जिने चढू नका म्हणून गेडामभाऊ ओरडत राहिले, पण ऐकतो कोण! एरवी कुलूप घातल्यासारखी बंद असणारी दारं एकामागून एक उघडली. कोणी काठी घेतली, कोणी मुसळ, एकाने तर हाताला लागला म्हणून नुसता टॉर्च घेतला. भर दिवसा! आणि सगळे वर पळत सुटले.

तेव्हा कुठं मला खरी शंका आली. लेकराला सोबती पाहिजे तर मुसळ कशाला?

मी धापा टाकत वर पोहोचलो तेव्हा जिना माणसांनी भरला होता. सगळ्यांत पुढे नंदाताई, कढई ढालीसारखी धरलेली. जागच्या हटत नव्हत्या. गेडामभाऊंनी त्यांना मागे सारलं, काठीचं टोक दारावर टेकवलं आणि हळूच ढकललं.

दार उघडलं. दारात जुई उभी. हातात फासा. तिने गेडामभाऊंकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, मग गर्दीतून माझी टोपी शोधून काढली.

"आबाजी, किती उशीर! मी तुमचं दान टाकलं. तुम्हाला सापाने गिळलं."



"बेटा, घरात कोन हाय?" गेडामभाऊ दबक्या आवाजात म्हणाले.

"मीच."

"आन जनावर?"

"कोणतं जनावर?"

गेडामभाऊ सावकाश माझ्याकडे वळले. त्यांच्यामागे सगळा जिना वळला.

"आबाजी, बिबट कुठी हाय?"

"बिबट?" मी म्हणालो. "बिबट कुठून आला?"

"मंग डबा काऊन वाजवला?"

एवढ्या लोकांपुढे मी कधी बोललो नव्हतो. पण म्हटलं, विचारलंच आहे तर सांगावं. "लेकराले सोबती नाई, भाऊ. आमच्या गावी असं वाजवलं का पोरं जमत. म्हनून वाजवला. पोरं बलावून राह्यलो होतो."

गेडामभाऊ पायरीवर बसले. टोपी काढली आणि तिनेच वारा घेऊ लागले. मला वाटलं, आता आपल्याला चौकीत नेतात. खालून कोणीतरी चिडून म्हणालं, "बुढ्यानं जीव काढला ना बापा!" आणि चिडणं बरोबरच होतं हो. त्या माणसाने दोन लेकरं काखेत घेऊन तीन दारं लावली होती.

तेवढ्यात नंदाताईंना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग हातातली कढई हलली, आणि मग त्या भिंतीला टेकून जे हसायला लागल्या! "जमले ना, आबाजी! लहान बलावले, मोठेबी जमले!"

मग काय, जिना हसायला लागला. बिबट नाही म्हटल्यावर मोठ्यांच्या काखेतून, पायांमधून पोरं वर यायला लागली. एवढी पोरं या वसाहतीत आहेत हे मला तेव्हा कळलं. एकाच्या डोक्यावर क्रिकेटचं हेल्मेट होतं. ते सगळ्यांत पुढे घुसलं आणि जुईला म्हणालं, "बिबट्या पाहायला आलो. कुठे आहे?"

जुईने त्याच्याकडे पाहिलं. थोडा विचार केला. मग दोन्ही हातांचे पंजे केले आणि, "घुर्रर्रर्र!"

पोरं किंचाळत चार पायऱ्या खाली पळाली आणि लगेच वर आली. "परत कर! परत कर!"

माझी जुई हो! सॉरी म्हणून लाथ मारणारी! तिने डरकाळी फोडली, आणि पोरं पळाली, आणि पोरं परत आली! मी दारामागून पिशवी काढली. मुरमुरे जिन्यातच वाटले. काठीवाल्यांना, मुसळवाल्यांना, सगळ्यांना. गेडामभाऊंनी आधी नको म्हटलं, मग दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

वनखात्याची गाडी पिंजरा घेऊन पोहोचली तेव्हा फुटाणे संपत आले होते.

"कोनाले न्यायचं हाय?" त्यातला माणूस म्हणाला.

गेडामभाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हे घ्या. फक्त जपून. मुरमुरे चाराव लागते."

डबा मात्र त्यांनी जप्त केला. शिवाय हात जोडून म्हणाले, "आबाजी, पुढच्या वेळी फोन करा. मी माह्या घरची पोरं आनतो, बायकोची बहीन आनतो, पन डबा वाजवू नका." मी कबूल केलं. खऱ्या बिबट्याच्या दिवशी कोणी डब्याला हसलं तर ते पाप माझ्या माथी येईल, हे मलाही कळत होतं. म्हणून संध्याकाळी मी दारोदार जाऊन माफी मागितली. प्रत्येक घरी चहा झाला. दोन्ही हातांच्या खुणा करणाऱ्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्याकडेही झाला. त्या रात्री मला झोप आली नाही, ती लाजेने की चहाने, सांगता येत नाही.

आणि प्रकाश? तो ड्युटीवरून परतला, तर फाटकावरच त्याला बातमी मिळाली, की तुमच्या घरात बिबट शिरला होता आणि तो सापशिडी खेळत होता. तो धावत वर आला. घरात पाहतो तर सात पोरं, एक पट, आणि जुई सगळ्यांना ओरडून सांगते आहे, "पाळीनं खेळा! पाळीनं!" तो दारातच उभा राहिला. चपलाही काढल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात नंदाताईंनी सभा बोलावली. ताट न वाजवता, तोंडानेच. म्हणाल्या, लेकरं कोंडून किती दिवस ठेवायची? ठरलं, की रोज ऊन उतरल्यापासून उजेड असेपर्यंत मैदान पोरांचं. झुडपं कापून घ्यायची आणि चार कोपऱ्यांना चार मोठी माणसं बसवायची, पाळीपाळीने. बाकी वेळी कोणी भिंतीकडे जायचं नाही. गेडामभाऊंनी एक माणूस दिला. हमीदभाईंनी जुन्या टायरचे झोपाळे दिले, आणि मला पाहिल्याबरोबर म्हणाले, "भाऊ, तुळस बाकी लय जोरात उगवली!"

दिवाळी आली. प्रकाशने म्हटल्याप्रमाणे जुईला जवळ बसवून विचारलं, "काय गं, मग नागपूरला जायचं का हॉस्टेलला?"

"मला वेळ नाही," जुई म्हणाली आणि बूट घालायला बसली.

सुषमा आत जाऊन ओट्याशी उभी राहिली. थोड्या वेळाने डोळे पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "मामाजी, चहा घेता का?" मी मान हलवली. यावेळी 'हो' म्हणून.

जिंकलो ना मी? तुम्हीच सांगा! जे कराटेला जमलं नाही, चित्रकलेला जमलं नाही, ते एका रिकाम्या डब्याने केलं! वसाहतीतली पोरं मला आता 'बिबट आजोबा' म्हणतात. म्हणू द्या. मी मैदानाचा एक कोपरा रोज सांभाळतो. माझी पाळी नसली तरी.

परवाची गोष्ट सांगतो आणि थांबतो. लगोरी चालली होती. जुई एका बाजूची पुढारी. तिच्यात एक गडी कमी पडत होता. मी खुर्चीवरून उठलो आणि म्हणालो, "मले घ्या." पोरं हसली, पण जुईने घेतलं. चेंडू माझ्या हातात दिला. समोर सात ठिकऱ्यांची लगोरी. मी नेम धरला. आणि मला आठवलं, की या पोरांना आधी लगोरीतलं खरं कसब सांगायला पाहिजे.

म्हणून मी थांबलो आणि सांगायला लागलो. आमच्या वेळी चेंडू चिंध्यांचा असे, तो कसा बांधत, चिंधी कोणाच्या आईच्या लुगड्याची चांगली, ठिकऱ्या कौलाच्या की मडक्याच्या, नेम डोळ्याने धरायचा की खांद्याने… आयुष्यात पहिल्यांदा शब्दाला शब्द लागत होता! पोरं चूप उभी होती. मला वाटलं, रंगली. ऊन झाडांमागे गेलं. एक पोरगं खाली बसलं. दुसरं बुटाची नाडी सोडून परत बांधायला लागलं. मी अजून खांद्यापर्यंतच आलो होतो.

तशी जुई आली. तिने माझ्या हातातला चेंडू काढून घेतला, आणि आपल्या गड्यांकडे निघून गेली.